घरंगळत पुढे येणारे डबे

अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन कुटुंबांच्या तळघरांत हवाबंद अन्नाचे डबे घरंगळत पुढे येतील अशी घरगुती फडताळं दिसतात. त्यांचं चर्च ३ महिन्यांचं अन्न हळूहळू साठवायला सांगतं.

प्लायवुडच्या दोन फळ्या, एकीखाली एक, उलट उतारांच्या. नवा डबा वरून आडवा सरकवायचा. तो घरंगळत मागे जातो, फटीतून खाली पडतो आणि पुढच्या पट्टीला टेकतो. जुना डबा आधी हाती लागतो.

खरी मेख रुंदीत! घेवड्याचा १५ औंसांचा डबा सुमारे ११३ मिलिमीटर उंच; खण त्याहून थोडाच रुंद हवा. सैल ठेवला तर डबा तिरका होऊन अडकतो, मग बसा हात घालून.

टोमॅटोसारखं आंबट १२ ते १८ महिन्यांत संपवायचं, मका-घेवडा २ ते ५ वर्षं चांगला राहतो. म्हणून त्यांच्या रांगा वेगळ्या.