टॅब मिळाला, दुरुस्तीचे काय?

पेठ तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने तेथील शाळांना टॅब, संगणक व प्रोजेक्टरसाठी समग्र शिक्षा अभियानाच्या अनुदानाखेरीज आणखी एक वाट खुली आहे. २०१५ च्या शासन निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या १९९६ च्या कायद्याखालील, ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्यातून शिक्षणावरही खर्च करता येतो. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, अर्थात २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्यातून खर्च करावयाचा २ टक्के भाग, हा तिसरा स्रोत होय.

खरी अडचण खरेदीनंतर सुरू होते. बॅटरी फुगते, चार्जिंगचे टोक सैल होते, पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, आणि वस्तू देणगीची असली तरी वीजबिल शाळेच्याच माथी येते. शाळेचे संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरत असल्याने वाडी-पाड्यावरील लहान शाळेच्या वाट्याला तुटपुंजी रक्कम येते, व तिच्यातच खडू, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती भागवावी लागते. शिवाय नादुरुस्त यंत्र परस्पर टाकून देता येत नाही. जडवस्तू नोंदवहीतून त्याचे रीतसर निर्लेखन व्हावे लागते, तोवर ते कपाट अडवून बसते. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने, जिच्यात शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, देणगी स्वीकारतानाच देखभालीचा लेखी करार मागावा.