विद्यार्थ्याचा सुटीचा वेळ

मुलगा शेतकी कॉलेजांत गेला कीं आपण त्याचे मार्क तेवढे विचारतों. सुटीचा दिवस त्यानें कसा घालविला, हें सहसा विचारीत नाहीं. याबाबत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें उदाहरण बोधप्रद आहे. गुलामगिरींत जन्मलेले हे गृहस्थ १८९१ सालीं अमेरिकेंतील आयोवा शेतकी कॉलेजांत दाखल झाले. तेथील ते पहिले कृष्णवर्णी विद्यार्थी. आरंभीं त्यांना इतरांच्या पंक्तीस बसूं न देतां मजुरांसमवेत जेवावयास लावीत. तरी वर्गाबाहेरचा वेळ त्यांनीं कुढण्यांत दवडला नाहीं. वादविवाद, कवाईत, प्रार्थनामंडळ, फुटबॉलपटूंचें अंग रगडणें, या सर्वांत ते असत. त्यांचें एक चित्र १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत मांडलें गेलें. उरला वेळ कलमें बांधण्यांत आणि झाडांवरील बुरशीचे नमुने रानांतून गोळा करण्यांत जाई.

पुढें १८९६ पासून टस्कीगी येथें त्यांनीं, कापसानें निःसत्त्व झालेली जमीन चवळी व भुईमूग यांच्या फेरपालटानें कशी सुधारते, हें गरीब शेतकऱ्यांस शिकविलें. पिकांकडे पाहण्याची ती दृष्टि त्यांस केवळ वर्गांत लाभली नव्हती.

तेव्हां मुलगा सुटींत घरीं आला म्हणजे त्यास शेतावर न्यावें, एखादें रोगट पान त्याच्या हातीं द्यावें आणि कारण विचारावें.