गरिबीची सरकती रेषा

नवी दिल्ली : २००४-०५ मध्ये देशातील २७.५ टक्के जनता गरीब असल्याचा नियोजन आयोगाचा हिशेब होता. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये केवळ उष्मांकांवर विसंबण्याची पद्धत सोडून शिक्षण व आरोग्यावरील खर्चही जमेस धरला. त्याच वर्षाचा आकडा ३७.२ टक्क्यांवर गेला. कुटुंबे तीच होती, बदलली ती मोजपट्टी. पुढे २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के गरीब ठरले, तर रंगराजन समितीने २०१४ मध्ये ते २९.५ टक्के मानले. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये स्वस्त धान्याचा हक्क या रेषेपासून सोडवला खरा. परंतु लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरली. त्यानंतर वाढलेल्या लोकसंख्येला शिधापत्रिका कोणत्या आकड्याच्या आधारे मिळणार, हा प्रश्न तज्ज्ञांच्या वादापेक्षा निकडीचा आहे.