आजार सांगण्याची दुसरी भाषा

द्वारका चौकातील गर्दीतून वाट काढीत रुग्णालयात पोहोचलेल्या नातेवाईकांची पहिली विनंती पुष्कळदा एकच असते : ‘पेशंटला काही कळू देऊ नका.’ कर्करोगाचे नाव घरात दबक्या आवाजातच घेतले जाते. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु ज्याचा आजार, त्यालाच त्याविषयी बोलण्याची सोय उरत नाही.

हे मौन कलेने सुटू शकते. नाशिकचे नाटककार प्रा. वसंत कानेटकर यांचे ‘हिमालयाची सावली’ हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. अभिनेते श्री. शरद पोंक्षे कर्करोगावरील उपचारांनंतर २०१९ मध्ये याच नाटकातून रंगमंचावर परतले. पुढे ‘दुसरं वादळ’ या पुस्तकात त्यांनी आपला अनुभव मांडला. विनोदी भूमिकांनी महाराष्ट्राला हसविणारे कै. अतुल परचुरे हेही आपल्या कर्करोगाविषयी मुलाखतींतून मोकळेपणाने बोलले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. हसण्याने आजार बरा होतो, असा आमचा दावा नाही. औषधोपचारास पर्याय नाही. हसण्याने एकटेपण मात्र कमी होते.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असल्याने केस गळतात. आमच्या वॉर्डातील एक काका डोक्यावरून हात फिरवीत म्हणाले, ‘न्हाव्याचे पैसे वाचले, ते औषधांच्या खात्यात जमा करा.’ सारा वॉर्ड हसला. त्यानंतर काकूंनी प्रथमच विचारले, ‘फार त्रास होतो का हो?’ इतके दिवस हा प्रश्न त्यांच्या ओठांवर अडून होता.

येथे एक पथ्य पाळावे. पहिला विनोद रुग्णानेच करावयाचा. तो आपण केल्यास थट्टा ठरते. ज्यास बोलणे जमत नाही, त्याच्या हाती कागद व रंगीत खडू द्यावेत. चित्र चांगले की वाईट, हे पाहू नये. ‘हे काय काढले आहे?’ एवढेच विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकावे. रुग्णास गप्प राहावेसे वाटले, तर त्याचाही मान राखावा.

ताळेबंदात हास्याचे सदर नसते, हे आम्ही जाणतो. तथापि, रुग्णाजवळ बसून ऐकणाऱ्या माणसाचा वेळ हाही उपचाराचाच खर्च आहे, असे विश्वस्त व देणगीदारांनी मानावे, ही नम्र विनंती.