सेअर्स, डोरथी ली

(१३ जून १८९३ – १७ डिसेंबर १९५७). इंग्रज रहस्यकादंबरीकर्त्री, नाटककार, निबंधलेखिका आणि अनुवादक. जन्म ऑक्सफर्ड येथे. तिचे वडील धर्मोपदेशक असून तेथील ख्राइस्ट चर्च कॅथीड्रलच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. डोरथीच्या बालपणीच हे कुटुंब पूर्व इंग्लंडच्या फेन्स ह्या सखल, पाणथळ प्रदेशातील ब्लंटिशॅम गावी राहावयास गेले. लॅटिनचे पहिले पाठ तिला वडिलांकडून मिळाले. सॉल्झबरी येथील गोडॉल्फिन स्कूलमध्ये शिक्षण घेतल्यानंतर १९१२ मध्ये ती शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली. आधुनिक भाषांच्या परीक्षेत १९१५ साली तिने प्रथम वर्ग संपादिला. तथापि त्या काळी हे विद्यापीठ स्त्रियांना पदव्या देत नसे. हा निर्बंध १९२० मध्ये उठला आणि पदवी मिळालेल्या पहिल्या स्त्रियांत तिचा समावेश झाला.

आरंभी तिने दोन कवितासंग्रह प्रसिद्ध केले. प्रकाशनसंस्थेतील व शाळेतील नोकऱ्यांनंतर १९२२ मध्ये ती लंडनच्या एस. एच. बेन्सन ह्या जाहिरातसंस्थेत लेखक म्हणून रुजू झाली. गिनेस बिअर आणि कोलमन मोहरी ह्यांच्या गाजलेल्या जाहिरातींत तिचा वाटा होता. विवाहापूर्वी १९२४ मध्ये तिला झालेल्या मुलाचे संगोपन तिच्या नात्यातील एका बहिणीने केले. ही गोष्ट वाचकवर्गास तिच्या मृत्यूनंतरच कळली. १९२६ मध्ये तिने फ्लेमिंग ह्या पत्रकाराशी विवाह केला.

हूज बॉडी? (१९२३) ह्या पहिल्या कादंबरीत तिने लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर निर्माण केला. ड्यूकचा धाकटा मुलगा, दुर्मिळ ग्रंथांचा संग्राहक आणि विनोदी बडबड करणारा असा हा उमराव पहिल्या महायुद्धातून मनाने जखमी होऊन परतलेला आहे. क्लाउड्स ऑफ विटनेस (१९२६), अननॅचरल डेथ (१९२७) इ. धरून विम्झीवर तिने एकूण अकरा कादंबऱ्या लिहिल्या. ह्यांखेरीज रॉबर्ट युस्टेस ह्याच्या साहाय्याने लिहिलेली द डॉक्युमेंट्स इन द केस (१९३०) ही कादंबरी पत्रे व जबान्या ह्यांतून उलगडते. तिच्यातील उकल रसायनशास्त्राच्या एका तत्त्वावर आधारलेली आहे.

तत्कालीन रहस्यकथा हे मुख्यतः बुद्धीला घातलेले कोडे असे. खुनी कोण हे कळताच कथा संपे आणि त्या शोधाची झळ कोणास लागली हा प्रश्न उरत नसे. कोड्याचे नियम सेअर्सला मान्य होते. उकलीला आवश्यक ते सर्व धागे वाचकापुढे मांडलेच पाहिजेत, ह्यावर तिचा कटाक्ष होता. डिटेक्शन क्लब ह्या लेखकसंस्थेच्या संस्थापकांपैकी ती एक असून १९४९ पासून अखेरपर्यंत ती तिची अध्यक्ष होती. मात्र रहस्यकथेने सामाजिक कादंबरीशी तुटलेले नाते पुन्हा जोडावे, असे तिला वाटे. मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज (१९३३) मध्ये जाहिरातसंस्थेचे, तर द नाइन टेलर्स (१९३४) मध्ये फेन्समधील चर्च, पूर आणि घंटावादनाची गणिती पद्धती ह्यांचे तपशीलवार चित्रण येते.

स्ट्राँग पॉइझन (१९३०) मध्ये हॅरिएट व्हेन ही लेखिका विषप्रयोगाच्या आरोपाखाली न्यायालयात उभी दिसते. विम्झी तिला सोडवितो. पण उपकाराच्या ओझ्याखाली विवाह करण्यास ती नकार देते. ह्या नात्याची परिणती गॉडी नाइट (१९३५) मध्ये होते. ऑक्सफर्डमधील एका कल्पित महिला महाविद्यालयात घडणाऱ्या ह्या कादंबरीत एकही खून नाही. प्रतिकूल पुरावा दडविणाऱ्या एका संशोधकाचे अप्रामाणिकपण एका विदुषीने पूर्वी उघड केलेले असते. त्यात त्याचे जीवन उद्ध्वस्त होते आणि पुढील सूडाची मुळे तेथेच असतात. सत्याची किंमत दुसऱ्याच्या संसाराने मोजावी लागत असेल, तरी ते सांगावे काय? सांगावेच, असे लेखिकेचे उत्तर आहे. पण सांगणाऱ्याने परिणामांकडे पाठ फिरवू नये, हेही ती बजावते. बसमन्स हनिमून (१९३७) च्या शेवटी खुन्याला फाशी होते त्या पहाटे विम्झी कोसळतो. उकल करणाऱ्याचा आपल्या उकलीतील नैतिक वाटा येथे स्पष्ट होतो.

ह्यानंतर तिने रहस्यकादंबरी जवळजवळ सोडली; परंतु प्रामाणिक कामाचा विषय सोडला नाही. द झील ऑफ दाय हाउस (१९३७) हे कँटरबरीसाठी लिहिलेले नाटक कॅथीड्रल बांधणाऱ्या स्थपतीच्या कौशल्यावर व अहंकारावर आधारलेले आहे. द मॅन बॉर्न टू बी किंग ही येशूच्या जीवनावरील बारा नभोनाट्ये बीबीसीने १९४१-४२ मध्ये प्रसारित केली. येशूच्या तोंडी रोजच्या बोलण्यातील भाषा घातल्यामुळे त्यांविरुद्ध निषेध झाला. दान्तेच्या दिव्हीना कोम्मेदीआचे तिने मूळ यमकरचना राखून भाषांतर केले. त्याचे पहिले दोन भाग १९४९ व १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. अपुरा राहिलेला तिसरा भाग बार्बरा रेनल्ड्सने पूर्ण करून १९६२ मध्ये प्रकाशित केला.

टीकाकारांत तिच्याविषयी एकमत नाही. क्यू. डी. लीव्हिसने तिच्या विद्वत्तेच्या प्रदर्शनावर, तर एडमंड विल्सनने द नाइन टेलर्सच्या कंटाळवाणेपणावर टीका केली. विम्झीचे अतिआदर्श चित्रण आणि ज्यूंविषयीचे साचेबंद उल्लेख हे दोषही दाखविले गेले आहेत. तरीही गुन्ह्याच्या कथेत विचारी, स्वतंत्र स्त्रीला आणि सदसद्विवेकाला तिने मिळवून दिलेले स्थान पुढील लेखकांना, विशेषतः पी. डी. जेम्सला, मार्गदर्शक ठरले.

एसेक्स परगण्यातील विटम येथे ती निधन पावली.