दमाची परीक्षा

राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीत काय किंवा आपल्या गावी काय, फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा दम अजमावण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. वीस मीटर अंतरावर दोन रेघा आखाव्यात. ध्वनिफितीच्या इशाऱ्यासरशी धावत जाऊन परत यावे, दहा सेकंद विसावावे, पुन्हा धावावे. वेग क्रमाने वाढतो. दुसऱ्यांदा वेळ चुकली की परीक्षा संपली; तोवर कापलेले अंतर हेच तिचे फळ. डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांची ही ‘यो-यो’ चाचणी.

फुटबॉलपटू नव्वद मिनिटांत सुमारे दहा किलोमीटर धावतो, परंतु थांबत थांबत. म्हणून विसाव्यात शरीर किती सावरते, यालाच येथे महत्त्व. झाशीचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे ही परीक्षा पहाटेच घ्यावी. छातीत दुखल्यास वा भोवळ आल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांस दाखवावे. आणि तुलना करावी ती मुलाच्या मागील अंतराशी, शेजारच्या मुलाशी नव्हे.