वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाचा आजार आहे, हे १९४९ मध्ये दाखवून दिले ते लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पुढे दोन नोबेल पारितोषिके मिळवलेल्या याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये एक उपाय सुचवला: सिकलसेलचा जनुक असलेल्या तरुणांच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू मुलांच्या यातना टळाव्यात हाच होता. पण त्यासाठी धडधाकट माणसाला जन्मभर डाग लागेल, याचा विचार त्यात नव्हता.

वाहकाला सदोष जनुक आई किंवा वडील, एकाकडूनच मिळालेला असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही. उलट गंभीर मलेरियापासून थोडे संरक्षणच मिळते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

गोंदण कुणी केले नाही. तरी डाग लागलाच.

ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात सुमारे चौथा हिस्सा लोक वाहक होते. तिथे तपासणी झाली, समुपदेशनही झाले. काही वर्षांनी संशोधक परतले तेव्हा वाहकांकडे गाव वेगळ्या नजरेने पाहत होते आणि लग्न मोडेल या भीतीने काही जण निकाल लपवत होते. वाहकांची आपसातली लग्ने कमी झालीच नव्हती. अमेरिकेत तर निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना हवाई दलाच्या अकादमीची दारे १९८१ पर्यंत बंद होती.

आता हा प्रश्न आपल्या दारात आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना जनुकीय स्थितीचे कार्ड मिळते. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत या तपासणीची नितांत गरज आहे. निदान लवकर झाले तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात.

मात्र लग्नाच्या बोलणीत वाहक मुलीच्या हातातले कार्ड कसे वाचले जाईल, हे प्रयोगशाळा ठरवत नाही. म्हणून तपासणीच्या आधी आणि नंतर, गोंडी-भिलीसारख्या घरच्या बोलीत समजावणारा समुपदेशक हवा. कार्ड मुलीइतकेच मुलाचेही पाहिले जावे आणि निकाल कुणाला सांगायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कायद्याचे कवचही हवे. जनुकीय माहितीवरून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारण्यास अमेरिकेने २००८ मध्ये बंदी घातली. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्य विम्यातला अशा भेदभावाचा मुद्दा ऐरणीवर आणला, पण स्वतंत्र कायदा झालेला नाही. सात कोटी कार्डे वाटताना तो करण्याची जबाबदारी संसदेची आहे.